मिस्त्रींची गळती

दसरा, १९३१

आज घरात हत्यारांची पूजा झाली. भागोजी भावोजींनी स्वतःच्या टाक्या आणि हातोडा पाटावर मांडला, जरा घुटमळले, मग आत जाऊन केरूचा हातोडाही घेऊन आले. हळदकुंकू त्यांनीच वाहिलं. मी विधवा, लांब उभी राहिले. हात जोडायला लांबूनही चालतं. त्यांनी देवाकडे काय मागितलं ठाऊक नाही. मी त्या हातोड्याला म्हटलं, तुझ्या मालकाला ज्याने खाल्लं त्याचं वाटोळं या डोळ्यांनी बघेन, तेव्हाच तुझ्यावर फूल घालीन.

नवऱ्याचं नाव तोंडाने घ्यायचं नसतं. कागदावर लिहू नये असं मला कोणी सांगितलेलं नाही, म्हणून लिहिते. केरू. केरू. केरू. ही वही त्याचीच, खांबांची न् पायऱ्यांची मापं लिहायची. मागची पानं कोरी राहिली. मालगुंडला बाबा शाळेत शिपाई होते म्हणून माझ्या चार यत्ता झाल्या. त्या अशा कामाला येतील असं वाटलं नव्हतं.

झालं ते एकदा मांडून ठेवते, म्हणजे राग शिळा होणार नाही. खाडीवरच्या टेकडीवर मुंबईचे कोणी शेट महादेवाचं देऊळ बांधतायत. आपला जांभा त्यांना चालला नाही. दक्षिणेकडून मचव्यात घालून पांढरा गारेचा दगड आणला. जांभ्याची तांबडी माती अंगावर बसते, आंघोळ केली की जाते. या दगडाची धूळ बसतच नाही, तरंगते. गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात माणसं भिजू नयेत म्हणून कामाच्या मांडवाला चारी बाजूंनी माडाच्या विणलेल्या पातींचे झाप बांधले आणि बारा पाथरवट आत कोंडून ठोकत बसले. डबा घेऊन गेले की मला केरू ओळखू यायचा नाही. सगळेच पिठाच्या गिरणीतून निघाल्यासारखे.

केरूने मिस्त्रीला, म्हणजे महिपत मिस्त्रीला सांगितलं, पिंडीवर लावतात तशी गळती लावूया. मडक्याच्या बुडाला भोक, त्यात दर्भाची काडी, थेंब थेंब पाणी टाकीच्या टोकावर, धूळ उठायलाच नको. मिस्त्री सगळ्यांसमोर हसला. म्हणाला, "गळती देवाला लागते रे, पाथरवटाला नाय. तुझी काय पिंडी करून बसवू?" पाण्याने गेरूची रेष जाते, काम अडतं, हे त्याचं कारण. आणि संध्याकाळी प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा. गूळ खाल्ला की धूळ गळ्यातून पोटात जाते न् सकाळी निघून जाते म्हणे. केरूने चार महिने इमानाने गूळ खाल्ला. या श्रावणात त्याला अंगणाच्या तीन पायऱ्या चढवेनात. गणपती यायच्या चार दिवस आधी गेला. शेवटी शेवटी तो बसून झोपायचा.

एकदा तो म्हणाला होता, उद्यापासून जात नाही. मीच म्हटलं, सगळे जातात, तुम्हालाच काय धाड भरली. वर गुळाचा खडा दिला. पण ते निराळं.

आश्विन वद्य २

मिस्त्री दारात आला. आत ये कोणी म्हटलं नाही, तरी ओटीच्या कडेला बसला. म्हणाला, "राही, मांडवात पाणी भरायला माणूस व्हवा. बाहेरचा नको. तू येशील?" माझ्या डोळ्यांकडे बघितलं नाही त्याने. बघेल कसा?

भावोजी म्हणाले, "वहिनी, नको असेल तर नाय सांगा." मी म्हटलं, येते. वाघ आपण होऊन दार उघडून देत असेल तर शेळीने आत जावं. शेळीच्या पदरात काय आहे ते वाघाला कुठे ठाऊक.

आश्विन वद्य ५

आज मांडवात गेले आणि माझं डोकं फिरलं.

गळत्या! बारा दगडांवर बारा गळत्या. तीन काठ्यांचं तिकाटणं, त्यावर मडकं, खाली थेंब. धुळीच्या जागी दगडावरून पांढरा लगदा ओघळतोय. वाऱ्याच्या बाजूचे झाप काढून टाकलेत. संध्याकाळी कोरडा झाडू मारायचा नाही, ओलं करून खरवडायचं. गेरूच्या जागी खिळ्याने रेष ओढायची. सगळं मिस्त्रीचं फर्मान. पाथरवट त्याचं कौतुक करतायत, भावोजीही. "मिस्त्रींचा डोका बघा," म्हणतात.

घरी येऊन ही वही पुढून चाळली. खांबांच्या मापांच्या मधोमध केरूने चित्र काढलेलं आहे. तिकाटणं, मडकं, थेंबाच्या जागी तीन टिंबं. हुबेहूब. ज्याची चेष्टा केली त्याचीच अक्कल चोरली, आणि तीही माणूस मातीत गेल्यावर. मेल्या, तुला एक महिना आधी सुचलं नाही? एक वर्ष आधी?

कार्तिक शुद्ध ३

रोज तीस-बत्तीस घागरी. विहीर टेकडीच्या पायथ्याला. खांदा सुजलाय, पण मला मांडवाचा नकाशा पाठ झाला. मिस्त्री एकदम टोकाला बसतो, जिथे झाप अजून आहेत. गाभाऱ्याच्या चौकटीची बारीक नक्षी त्याच्याकडे. त्याच्या गळतीतही पाणी मलाच घालावं लागतं. माझ्या हाताने याला पाणी पाजायचं!

अकरा जणांना पाणी मिळू दे. त्यांचं माझं वैर नाही. बाराव्याला केरूने जे खाल्लं तेच खाऊ दे.

कार्तिक शुद्ध ६

परसातल्या फणसाला कोयतीने टोचा मारला, काडीवर चीक गोळा केला. लहानपणी आम्ही असल्या चिकाने पाखरं धरायचो. दुपारी सगळे जेवायला उठले तेव्हा मिस्त्रीचं मडकं उतरवलं, दर्भाची काडी काढून फेकली, भोकात आतून चीक दाबला आणि मडकं पाण्याने भरून परत ठेवलं. वरून बघणाऱ्याला भरलेलं मडकं. खाली थेंब नाही.

जेवून आल्यावर मिस्त्री बसला. वर बघितलं. मडक्याखाली बोट धरलं, नाकाशी नेलं.  मग त्याने टाकी उचलली आणि ठोकायला लागला. धूळ उठली.

म्हातारा झालाय. डोळे गेलेत, अक्कलही गेली. महादेव माझ्या बाजूचा आहे.

कार्तिक वद्य १

दहा दिवस झाले, त्याला पत्ता नाही. रोज त्या बंद मडक्यात मी वरून चुळकाभर पाणी ओतते, दाखवायला. तो म्हणतो, "दमलीस गो, जरा टेक." टेकते कशाला, तुझा खोकला ऐकायला? आज सहा वेळा खोकला.

कार्तिक वद्य ८

आज घात होणार होता. भावोजी मिस्त्रीकडे टाकीला धार बघायला गेले आणि मोठ्याने म्हणाले, "मिस्त्री, तुमची गळती बंद हाय!"

मी घागर घेऊन तिथेच उभी. 

मिस्त्री मान वर न करता म्हणाला, "बंद नाय, मीच बंद केलंय. बारीक नक्षीला पाणी नको रे. रेष जाते, टाकी घसरते. ह्या मोठ्या कामाला पाणी, बारीक कामाला कोरडाच हात. ध्यानात ठेव."

भावोजींनी मान डोलावली. मी सुटले! माणूस आपल्या चुकीवर स्वतःच पांघरूण घालतो ते असं. गळती बिघडली हे शिष्यासमोर कबूल करायला लाज वाटली असेल. गर्वाचं घर खाली, म्हणतात ते उगीच नाही.

मार्गशीर्ष शुद्ध ११

ठेकेदार बाबूशेट आले होते. कोट, छत्री, सोन्याची साखळी. गळत्या बघून भडकले. अक्षय्य तृतीयेला देव बसायचाय आणि तुम्ही पाण्यात खेळताय. ह्या एवढ्या पाण्यात चुन्याचे दोन घाणे निघतील. "अहो मिस्त्री, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही!"

मिस्त्री उठून उभा राहिला. उठताना त्याला दगडाला हात टेकावा लागला, ते मी टिपलं. म्हणाला, "घाव दगडान् सोसायचे शेट, माणसान् नाय. गळत्या उतरल्या तर मीपण उतरलो. गाभाऱ्याची चौकट तुम्ही ठोका."

बाबूशेट छत्री आपटत गेले. गळत्या राहिल्या. पाथरवटांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला मात्र संताप आला. ही हिंमत केरूच्या वेळी कुठे चरायला गेली होती?

रात्रभर हेच वाक्य डोक्यात. घाव दगडाने सोसायचे. कोणी शिकवलं याला?

पौष शुद्ध ४

चीक वाळून तडकला होता, नवा लावला. एकवीस वेळा खोकला.

पौष वद्य २

मोजायचं सोडलं. मोजता येत नाही इतका खोकतो. बरं वाटतं मला. वाटायला हवं. केरू खोकायचा तेव्हा शेवटी असाच बारीक शिट्टीसारखा आवाज यायचा. आज तो ऐकला आणि हातातली घागर सुटली. फुटली. मिस्त्रीच खोकत खोकत उठून आला, खापऱ्या गोळा करायला लागला. मी म्हटलं, राहू द्या. "पायाला लागतील गो कोणाच्या," म्हणाला.

मला त्याची दया आली नाही. घागर फुटली म्हणून वाईट वाटलं.

माघ शुद्ध ७

विहिरीवर मिस्त्रीची बायको भेटली, गंगुबाई. मला म्हणाली, "राही, त्यांना सांग गो कामावर जाऊ नका म्हणून. दोन वरसं छातीत दुखतंय, आता रात्री बसून काढतात." मी म्हटलं, तुम्हीच सांगा. ती म्हणाली, "मी सांगितलं तर म्हणतात, राही रोज एवढं पाणी भरते, मी घरी बसू?"

दोन वर्षं. म्हणजे माझ्या चिकाच्या आधीपासून. हे मला आवडलं नाही. कोणी दुसऱ्याने आधीच घास घेतलाय असं वाटलं.

पण मी काही केलं नाही, चीकही काढला नाही. आता थोडंच राहिलंय.

फाल्गुन पौर्णिमा

शिमगा. ग्रामदेवीची पालखी नाचली. वीस वर्षं पालखीचा पुढचा दांडा महिपत मिस्त्रीच्या खांद्यावर असायचा. यंदा तो सहाणेच्या, म्हणजे पालखी बसते त्या चौथऱ्याच्या पायरीवर बसून होता, कोणीतरी त्याच्या खांद्यावर घोंगडी टाकली होती. पालखी त्याच्यासमोर आणून नुसती टेकवली. लोक रडले. मी ढोलाच्या आवाजात मोठ्याने हसले. कोणाला ऐकू गेलं नाही. घरी आल्यावर मला उलटी झाली. उन्हाने असेल.

फाल्गुन वद्य ४

गंगुबाईने बोलावणं पाठवलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी क्षय सांगितलाय, त्याची भांडीही वेगळी काढलीत. मिस्त्री भिंतीला टेकून बसलेला, पुढ्यात उशी. केरू बसायचा तसाच. गंगुबाईला त्याने पाणी आणायला पाठवलं आणि मला म्हणाला,

"फणसाचा चीक ना गो?"

मी दाराकडे बघितलं.

"पैल्याच दिवशी बोटाला लागला. वास लपतो काय."

 मी म्हटलं, "मग काढला का नाय?"

"कोणी लावला ता कळला म्हणून." बराच वेळ दम खात राहिला. "केरूला मी हसलेलो. त्याचा चितार बघूनसुदा हसलेलो. तो गेल्यावर ह्या बारा गळत्या त्याच्याच डोक्यातल्या लावल्या, नि वाटला, पाप फिटला. मग तू माझी बंद केलीस. बरा केलास. केरूच्या जागी बसून बघायचा व्हता मला."

मला वाटलं याचा गळा धरावा. चार महिने मी जिवाच्या कराराने सूड घेत होते आणि हा मेला मला तो घेऊ देत होता! माझ्या हाती काय राहिलं? सूड मी घेतलाच नाही, त्याने मला भिक्षा घातल्यासारखा घातला. मी उठले. तो हात वर करून म्हणत होता, "थांब गो, भागोजीला..." खोकल्याने पुढचं बुडालं. मी थांबले नाही. भागोजीला काय? भागोजीला सांगू नको, असंच ना? नाही सांगत. जा.

फाल्गुन वद्य ९

मिस्त्री गेला. सकाळी, बसल्या बसल्या.

केरूच्या हातोड्यावर फूल घालायचं ठरलं होतं. परसात अनंताची फुलं होती. काढायला हात गेला नाही. उद्या घालीन.

गुढीपाडवा, १९३२

बाबूशेटांनी भावोजींना मिस्त्री केलं. भावोजींनी मला वाकून नमस्कार केला, म्हणाले, "दादा असता तर त्यालाच मिळालं असतं." चौकट अर्धी राहिलीय, ती तेच पुरी करणार. मी साखरभात केला. कितीतरी महिन्यांनी घरात गोड झालं.

चैत्र शुद्ध ४



आज पाणी घेऊन गेले तर भावोजी मिस्त्रीच्या जागेवर बसलेले आणि भुवया पांढऱ्या. वर तेच मडकं. तेच, मी बुजवलेलं. मी म्हटलं, "भावोजी, ही गळती बिघडलीय. दुसरी आणते."

"बिघडलेली नाय वहिनी. बारीक नक्षीला कोरडाच हात. मिस्त्रींनी मला सांगून ठेवलंय."

 बघते तर शेजारी लवू कमळाच्या पाकळ्या कोरतोय, त्यानेही आपलं तिकाटणं बाजूला काढून ठेवलेलं. "नव्या मिस्त्रींनी सांगितलं," म्हणाला. मला वाचवायला मेलेल्याने मारलेली थाप आता या मांडवाची रीत झाली.

त्याला हेच सांगायचं होतं. भागोजीला सांग, म्हणत होता. आणि मी रागाने चालती झाले.

चैत्र शुद्ध ५

सगळे यायच्या आत जाऊन नवं मडकं लावून आले, नवी काडी, छान थेंब. भावोजींनी येऊन ते उतरवलं, जुनं परत चढवलं. "वहिनी, मिस्त्रींची रीत मोडू नका. तुम्हाला त्यांचा राग होता ते मला ठाऊक हाय, पण तो माणूस देव होता." देव!

संध्याकाळी घरी येऊन ते खोकले. एकदाच. पाण्याचा ठसका असेल. मी चुलीपुढे बसून राहिले, भात करपला.

चैत्र शुद्ध ६

रात्रभर मी तोंडाने वाक्यं जुळवत होते. पाणी चांगलं असतं म्हणू? स्वप्नात मिस्त्री आले म्हणू? डॉक्टरांनी सांगितलं म्हणू? सगळी खोटी, आणि खोट्यावर खोटं चढवलं की काय होतं ते मी बघितलंय. खरं सांगितलं तर भावोजी मला घराबाहेर काढतील. मालगुंडला आता कोणी नाही. बाबा गेले, घर पडलं. गंगुबाई मला दगड मारील. मारू दे.

चैत्र शुद्ध ७

सांगितलं.

दुपारी सगळे जेवून आल्यावर भावोजींच्या तिकाटण्यावरचं मडकं मी उतरवलं आणि त्यांच्यासमोर दगडावर आपटलं. बुडाचा तुकडा उचलून त्यांच्या हातात दिला. भोकात काळा, टणक गोळा. म्हटलं, "वास घ्या." त्यांनी घेतला.

"फणसाचा चीक?"

"मी लावला. कार्तिकात. मिस्त्रींनी गळती बंद केली नव्हती, मी केली. बारीक कामाला पाणी नको हे ते मला झाकण्यासाठी बोलले. त्यांची रीत नाही ती. रीत तुमच्या दादाची आहे, ही बघा." वही उघडून चित्र दाखवलं.

मांडवात एक टाकी वाजत नव्हती. भावोजी तुकडा हातात फिरवत राहिले. मग म्हणाले, "वहिनी, तुम्ही मिस्त्रींना मारलात?"

मला सांगता आलं असतं की त्यांची छाती दोन वर्षं आधीच गेली होती. गंगुबाई साक्ष देईल. नाही सांगितलं. म्हटलं, "मारायलाच आले होते. आणि दुसरंही ऐका. तुमचा दादा मांडवात जात नाही म्हणत होता. मीच ढकललं. हातावर गूळ ठेवून." निराळं, निराळं म्हणून मी इतके महिने ते बाजूला ठेवलं होतं. ते निराळं नव्हतं.

 मी घागर उचलली आणि विहिरीवर गेले, कारण दुसरं कुठे जाणार. वर आले तेव्हा लवूच्या दगडावर तिकाटणं परत उभं होतं.

अक्षय्य तृतीया

आज महादेवावर तांब्याची गळती लागली. शेट मुंबईहून आले, बाबूशेटांना शालजोडी मिळाली. मी गेले नाही. सभामंडपाचं काम अजून वर्षभर आहे.

भावोजींनी मला घराबाहेर काढलं नाही. बोलतही नाहीत. जेवतात, ताट उचलतात, जातात. गंगुबाईला कोणी सांगितलं की नाही ठाऊक नाही. विहिरीवर ती माझ्या आधी येते आणि माझी वाट न बघता जाते. केरूच्या हातोड्यावर अजून फूल घातलेलं नाही.

मांडवात पाणी मीच भरते, पण भावोजींच्या दगडापाशी मी जायचं नाही असं त्यांनी लवूकडून कळवलंय. स्वतःची घागर ते स्वतः आणतात. रोज बसायच्या आधी मडकं उतरवतात, भोकात काडी घालून फिरवतात, बुडाचा वास घेतात, थेंब पडताना डोळ्यांनी बघतात आणि मगच टाकी उचलतात. त्यांचं बघून आता बाकीचे सगळेही तसंच करतात. माझ्यावर विश्वास नाही म्हणून तपासतात. तपासू देत. जन्मभर तपासू देत.